समासातील गर्दी

साहित्याच्या अध्यापनात ऑनलाइन सहटीपनाची सध्या बरीच भलावण होत आहे. एकच संहिता सर्वांनी पडद्यावर उघडायची, तीतील शब्द अधोरेखित करून समासात टीप लिहायची, इतरांनी त्या टिपेला उत्तर द्यायचे, अशी ही पद्धती आहे. ‘हायपोथेसिस’, ‘पेरुसॉल’ ही त्यासाठीची परिचित साधने होत. वर्गात तोंड न उघडणारा विद्यार्थी येथे लिहिता होतो आणि वाचणारा नेमका कोठे अडतो ते अध्यापकाला कळते, हे त्यांचे गुण निर्विवाद आहेत. परंतु या सोयीला वाचनाचे ‘लोकशाहीकरण’ म्हणून सिद्धान्ताचे अधिष्ठान देण्याचा जो खटाटोप चालला आहे, त्याची तपासणी होणे अगत्याचे आहे.

पहिला आधार घेतला जातो तो स्टॅनली फिश यांच्या १९८० मधील ‘अर्थनिर्णायक समुदाया’च्या संकल्पनेचा. अर्थ समुदाय घडवतो, सहटीपन तर साक्षात समुदायच उभा करते, असा हा युक्तिवाद. तो मुळातच चुकीचा आहे. फिश यांचा समुदाय म्हणजे एका गटात नोंदवलेली माणसे नव्हेत. वाचनाआधीच वाचकात मुरलेल्या अर्थनिर्णयनाच्या समान रीती म्हणजे तो समुदाय. एकाच अभ्यासक्रमातून, एकाच मार्गदर्शिकेवरून आलेले वीस विद्यार्थी एका पानावर वीस टिपा लिहितात, तेव्हा बहुधा एकाच रीतीची वीसदा पुनरुक्ती होते. फिश यांचा सिद्धान्त या प्रयोगाचे समर्थन करीत नाही. उलट, त्यातून निघणाऱ्या एकमताकडे संशयाने पाहायला शिकवतो.

दुसरा आधार आपल्या टीकापरंपरेचा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच. मग आमचे विद्यार्थी तेच करीत आहेत, असे अभिमानाने सांगितले जाते. टीका आणि टीप यांतील भेद येथे सोयीस्करपणे पुसला जातो. टीकाकार संपूर्ण ग्रंथाची जबाबदारी एकट्याच्या शिरावर घेतो. पहिल्या अध्यायात लावलेला अर्थ त्याला अठराव्यातही निभवावा लागतो. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करणाऱ्या एकनाथांनी तीत कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. संहिता आणि तिच्याविषयीचे बोलणे यांतील सीमारेषा ते जाणत होते. दृष्टान्तपाठातही सूत्र व दृष्टान्त चक्रधरांचे आणि दार्ष्टान्तिक केसोबासांचे, ही विभागणी स्पष्ट आहे. महानुभावांनी तर लीळांच्या स्मरणातील भेद ‘वासना’ म्हणून वेगवेगळे जपले. परंपरेकडून काही घ्यायचेच असेल तर मतभेद विरघळू न देण्याची ही शिस्त घ्यावी.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. सहटीपनात टीप चिकटते ती निवडलेल्या शब्दांना. यंत्र ते शब्द आणि त्यांच्या मागचापुढचा थोडा मजकूर लक्षात ठेवते. म्हणजे वाचनाचे एकक आपोआप शब्दसमूह ठरते. ज्ञानेश्वरीतील उपमांची माळ अनेक ओव्यांतून चढत जाते. तीतील एका उपमेवर लिहिलेली टीप त्या चढणीविषयी काय सांगणार? ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकराचे एखादे विधान सुटे काढले की त्यातील उपरोध गळतो, आणि टिपेत ते नेमाड्यांचे मत म्हणून मिरवू लागते. कादंबरीच्या घाटाविषयीची टीप कोणत्या शब्दाला डकवायची, याचे उत्तर या पद्धतीपाशी नाही. शिवाय आपले बरेचसे जुने मराठी ग्रंथ पानांची छायाचित्रे म्हणूनच पडद्यावर आहेत. त्यांतील अक्षरे यंत्राला निवडताच येत नाहीत. परिणामी जे टीपयोग्य तेच नेमले जाण्याचा धोका आहे. अभ्यासक्रमाची निवड साधनाच्या मर्यादेने व्हावी काय?

याहून गंभीर प्रश्न मूल्यमापनाचा. पेरुसॉलमध्ये यंत्राकरवी गुण देण्याची सोय आहे. टिपेचा दर्जा, वाचनात घालवलेला वेळ, संहिता शेवटपर्यंत चाळली की नाही, टिपेला इतरांचे प्रतिसाद किती, हे त्यातील काही निकष आहेत. प्रतिसादाला गुण ठेवले की विद्यार्थी प्रतिसाद मिळेल असेच लिहिणार. न समजल्याची कबुली, कवितेपुढचे मौन, दहा दिवसांनी उमगलेली गोष्ट यांना त्या हिशेबात स्तंभ नाही. मौखिक परीक्षेतील पाठांतराला आपण नावे ठेवली. हे त्याचेच लेखी रूप आहे.

१९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’साठी आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे झाकून तेरा कविता वाचायला दिल्या. प्रत्येकाने आपापले टिपण स्वतंत्रपणे लिहिले, आणि ती टिपणे निनावीच राहिली. चर्चा त्यानंतर झाली. म्हणूनच ठरीव प्रतिसाद, भावविवशता, साध्या अर्थाचाच गोंधळ यांचे अस्सल पुरावे रिचर्ड्स यांच्या हाती लागले. पहिली टीप दिसताच दुसरी तिच्या अनुरोधाने लिहिली गेली असती, तर त्या प्रयोगातून शेजाऱ्याच्या वाचनाचे वाचन तेवढे हाती आले असते.

तेव्हा साधन नाकारण्याचे कारण नाही, क्रम बदलावा. संहिता आधी एकट्याने, पूर्ण वाचावी. पहिली टिपणे स्वतःपुरती असावीत. हायपोथेसिसमध्ये तशी सोय आहेच. मग समास सर्वांना खुला करावा आणि प्रत्येकाने किमान एका टिपेशी सकारण असहमती नोंदवावी. टिपांना गुण देऊ नयेत. गुण द्यायचे ते संपूर्ण कृतीविषयी एकट्याने लिहिलेल्या निबंधाला. कोणत्या प्रतीचा पाठ वापरला, हे आरंभीच नोंदवावे. एवढे पाळले नाही, तर शेकडो टिपा नावावर असलेला आणि एकही पुस्तक स्वतःच्या बळावर शेवटापर्यंत न वाचलेला पदव्युत्तर विद्यार्थी आपण घडवू. उद्या तोच आपल्या जागी अध्यापक म्हणून उभा राहणार आहे.