बर्फ पडल्यावर व्हॅन आधी कोणाच्या दारी?

डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधला, १९१० पासूनच्या राष्ट्रीय नोंदींतला, सर्वांत थंड डिसेंबर ठरला. उत्तर आयर्लंडमधल्या कॅसलडर्ग गावात पारा उणे १८.७ अंशांवर उतरला. स्कॉटलंडच्या एम-८ महामार्गावर शेकडो लोकांनी आख्खी रात्र गाडीत कुडकुडत काढली आणि त्यावरून उठलेल्या गदारोळात तिथले वाहतूकमंत्री स्ट्यूअर्ट स्टीव्हन्सन यांना राजीनामा द्यावा लागला. १८ डिसेंबरला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची विमाने जागच्या जागी खिळली. वर्तमानपत्रांचे मथळे विमानतळांनी आणि महामार्गांनी अडवले. घराघरांतली चिंता मात्र साधी होती: मागवलेले वाणसामान येणार की नाही?

नाताळच्या आठवड्यातले डिलिव्हरीचे स्लॉट तिथे बरेच दिवस आधी भरून जातात. टर्की, बटाटे, क्रीम, वाइन अशी यादी सवडीने करायची, तासाभराची एखादी वेळ निवडायची आणि निर्धास्त व्हायचे, असा हा शिरस्ता. त्या वर्षी बर्फाने तो मोडला. सुपरमार्केटच्या मोठ्या साखळ्यांना अनेक भागांतल्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या, काही पुढे ढकलाव्या लागल्या. ढकलणार तरी कुठे? पुढच्या दिवसाचे स्लॉटही आधीच भरलेले. त्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडण्याची बंदी आहे. २४ तारखेला जे दारात आले नाही, त्याची वाट बघण्यात अर्थच उरत नाही.

मग लोक चिडतात. पोस्टमन येतो, कचऱ्याची गाडी येते, शेजारचा पोरगा स्लेज घेऊन फिरतो, मग तुमची व्हॅन का येत नाही, असा सवाल कंपनीला केला जातो. राग समजण्यासारखा असला, तरी त्याचा रोख बऱ्याचदा चुकतो.

व्हॅनचेच आधी बघू. ब्रिटनमध्ये मोटारीच्या साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचे वाहन चालवता येते, म्हणून घरपोच वाणसामानाचा धंदा याच वजनगटातल्या व्हॅनवर उभा आहे. आत तीन कप्पे असतात: साध्या वस्तूंचा, थंड ठेवायच्या वस्तूंचा आणि गोठवलेल्या मालाचा. यांपैकी पुष्कळ व्हॅनमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो. सकाळी भरलेली गाडी वजनामुळे रस्ता धरून चालते. फेरी संपत येईल तशी ती हलकी होते आणि शेवटच्या घराच्या चढावर तिची मागची चाके नुसती गरगरतात. हिवाळ्याचे वेगळे टायर लावले तर फरक पडतो, कारण त्यांचे रबर सात अंशांखालीही मऊ राहते. जर्मनीने २०१० च्या डिसेंबरमध्येच बर्फाळ रस्त्यांवर असे टायर सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये वर्षातून मोजकेच दिवस बर्फ साचतो, मग हजारो व्हॅनच्या टायरांवर खर्च कशाला, हा कंपन्यांचा हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

दुसरी अडचण रस्त्याची. बर्फ पडण्याआधी पालिकांच्या गाड्या रस्त्यांवर खनिज मीठ पसरतात. चेशरमधल्या विन्सफर्ड इथे जमिनीखाली याची मोठी खाण आहे. मिठामुळे पाणी गोठण्याचा बिंदू खाली येतो, पण त्यासाठी ते वाहनांच्या चाकांखाली भरडून बर्फात मिसळावे लागते. वर्दळीच्या रस्त्यावर हे आपोआप घडते, निवांत गल्लीत घडत नाही. पारा उणे आठ-दहाच्या खाली गेला की मिठाचा जोरही ओसरतो. त्यामुळे पालिका आधी मुख्य रस्ते, बसचे मार्ग आणि रुग्णालयांचे रस्ते घेतात. घरपोच डिलिव्हरीचा शेवटचा टप्पा नेमका जिथे कुणी मीठ टाकत नाही अशा गल्लीत असतो. व्हॅन महामार्गावरून पंधरा मैल सुखरूप येते आणि घरापासून दोनशे मीटरवर अडकते.

रस्त्यांवरच्या बर्फाची जबाबदारी कोणाची, हा वादही तिथे जुना आहे. २००० साली तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, रस्त्यावरचा बर्फ हटवणे हे रस्ते प्राधिकरणाच्या देखभालीच्या कर्तव्यात बसत नाही, असा निवाडा दिला. २००३ मध्ये संसदेने कायदा बदलून, व्यवहारात शक्य असेल तितपत, ते कर्तव्य प्राधिकरणांवर टाकले. ‘शक्य असेल तितपत’ या शब्दांत गल्लीबोळ सुटतात. मिठाचा तुटवडा पडल्यानंतर २०१० मध्ये सरकारने हिवाळी सज्जतेची चौकशी डेव्हिड क्वॉर्म्बी यांच्याकडे सोपवली. योगायोग असा, की हे वाहतूकतज्ज्ञ आधी सेन्सबरी या सुपरमार्केट साखळीच्या वरिष्ठ व्यवस्थापनात होते. मिठाच्या पुरेशा साठ्यापासून नागरिकांनी आपापल्या दारापुढचा बर्फ काढण्यापर्यंत अनेक गोष्टींवर त्यांच्या समितीने बोट ठेवले. त्याच वर्षी सरकारने ‘स्नो कोड’ काढला. दारापुढचा बर्फ काढल्यावर कोणी घसरून पडले तर आपल्यावर खटला होईल, या भीतीने लोक फावडे हातात घेत नव्हते. नीट काळजी घेऊन काम केले तर तसे होण्याची शक्यता फार कमी, असे सरकारने त्यात सांगितले.

तिसरा मुद्दा व्हॅन चालवणाऱ्या माणसाचा. वेळेच्या दोरीवर चालणारे हे काम. बर्फात प्रत्येक घराला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, पायऱ्या निसरड्या असतात आणि क्रेट उचलून न्यायचे ते न्यायचेच. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर रस्ता मोकळा दिसत असला, तरी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा निर्णयच अंतिम मानला पाहिजे. गाडी परत फिरवली म्हणून त्याच्या पगाराला किंवा शेऱ्याला धक्का लागणार असेल, तर कंपनी आपली जोखीम त्याच्या हाडांवर ढकलते आहे, असेच म्हणावे लागेल.

म्हणून बर्फात व्हॅन आली नाही, एवढ्यावरून सुपरमार्केटला दोषी धरणे योग्य नाही. त्यांची खरी चूक वेगळी आहे. दहापैकी तीनच घरांपर्यंत पोहोचता येणार असेल, तर ती तीन घरे कोणती, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. ज्याने स्लॉट आधी पकडला तो किंवा ज्याची गल्ली सपाट आहे तो, असा निवाडा आपोआप होऊन जातो. शंभर पावलांवर दुकान असलेल्या तरुण जोडप्याला सामान मिळते. ज्यांना बर्फात उंबरठा ओलांडणेही जिवावरचे असते, त्या चढावरच्या आजीबाईंना ‘क्षमस्व’ असा संदेश मिळतो. पैसे परत मिळतात, पण परत आलेल्या पैशांनी त्या रात्रीचे जेवण होत नाही.

या सेवेचा उगम पाहिला तर हे अधिकच खटकते. मे १९८४ मध्ये इंग्लंडच्या गेट्सहेड शहरात जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या महिलेने घरच्या दूरचित्रवाणी संचावरून, रिमोटची बटणे दाबून, टेस्को या सुपरमार्केटमधून मार्जरीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. घरबसल्या संगणकीय यंत्रणेतून खरेदी करणाऱ्या जगातल्या पहिल्या ग्राहकांत त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या कंबरेचे हाड मोडलेले होते आणि ती योजना वयस्क व हालचालीला अडचण असलेल्या नागरिकांसाठीच पालिकेच्या पुढाकाराने आखलेली होती. नोकरदारांची सोय, तासाभराचे स्लॉट, मोबाइलवरचे अ‍ॅप हे सगळे नंतर आले.

दरम्यान जुनी व्यवस्था विरत गेली. १९७० च्या दशकात ब्रिटनमधले बहुतांश दूध गवळ्याच्या गाडीतून दारात येत असे. आज ते प्रमाण अगदी किरकोळ उरले आहे. कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते, कालची बाटली कोणाच्या दारात तशीच पडून आहे, हे त्या दूधवाल्याला ठाऊक असायचे. सुपरमार्केटच्या संगणकाकडे ग्राहकाची दहा वर्षांची यादी असते, पण त्या ग्राहकाला जिना उतरता येतो का, हे कधी विचारलेले नसते. कोपऱ्यावरचे दुकान आणि दूधवाला यांची जागा ज्यांनी घेतली, त्यांनी ‘आम्ही समाजसेवा करत नाही’ असे म्हणून हात झटकू नयेत. करोनाकाळात, २०२१ च्या सुरुवातीला, ब्रिटनमधल्या वाणसामानाच्या खरेदीतला ऑनलाइन वाटा सुमारे १५ टक्क्यांवर गेला होता. एवढा पसारा असलेल्या सेवेकडे चैन म्हणून पाहण्याचे दिवस सरले.

प्राधान्यक्रम लावणे जमणार नाही, ही सबबही करोनानेच खोटी ठरवली. मार्च २०२० मध्ये सरकारने गंभीर आजारांमुळे घरातच राहायला सांगितलेल्या नागरिकांची यादी तयार केली. त्यातल्या मदत हवी असलेल्यांची माहिती सुपरमार्केटना दिली गेली आणि कंपन्यांनी त्यांच्यासाठी स्लॉट राखून ठेवले. ज्यांच्याकडे तेवढीही सोय नव्हती त्यांच्या दारात पाव, डबाबंद पदार्थ, फळे अशा ठरावीक वस्तूंचे सरकारी खोके पोहोचले. त्रुटी राहिल्या, पण घडी बसली. महामारीत जे काही आठवड्यांत उभे राहिले, ते दरवर्षी येणाऱ्या हिवाळ्यासाठी का उभे राहू नये?

लोक खोटे सांगून प्राधान्य मिळवतील, असा आक्षेप येईल. थोडे लबाड निघतीलच. त्यांच्यामुळे खऱ्या गरजवंतांची रांगच रद्द करणे शहाणपणाचे नाही. खासगी आरोग्यमाहितीचा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर उपाय असा, की आजाराचे नाव विचारूच नये. ‘बर्फ असताना तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला दुकानापर्यंत जाता येईल का?’ एवढा एक प्रश्न पुरेसा आहे.

पुढच्या गोष्टी नियोजनाच्या आहेत. हवामान खात्याचा गंभीर इशारा लागू झाला की, ज्यांना चालत जाता येते त्यांच्या ऑर्डर आधी थांबवाव्यात. त्यांचे सामान जवळच्या शाखेतून स्वतः नेण्याची सोय ठेवावी. टेस्कोसारख्या साखळ्या बहुतेक ऑर्डर दुकानांतूनच भरतात, त्यांना हे सोपे आहे. प्रचंड गोदामांतून माल पाठवणाऱ्या ओकाडोला अशा शाखाच नाहीत, म्हणून त्यांनी आधीच करार करून ठेवावेत. उरलेल्या व्हॅनमधून ऐंशी वस्तूंची पूर्ण यादी नेण्याऐवजी दूध, पाव, अंडी, भाज्या, बाळाचे अन्न असा आटोपशीर संच न्यावा, म्हणजे एका फेरीत जास्त घरे होतील. गल्लीत गाडी जात नसेल तर मीठ टाकलेल्या रस्त्यावरच्या सभागृहात सामान उतरवावे. तिथून पुढे नेण्यासाठी चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या असलेली स्वयंसेवकांची पथके ब्रिटनमध्ये आहेतच. ‘फोर बाय फोर रिस्पॉन्स’ या नावाने ती हिमवादळात परिचारिकांना कामावर पोहोचवतात.

माहितीचा भागही कमी महत्त्वाचा नाही. स्कॉटलंडमध्ये प्रमुख रस्त्यांवर मीठ पसरणारी प्रत्येक गाडी नकाशावर थेट दिसते. ‘ग्रिटनी स्पियर्स’, ‘सर सॉल्टर स्कॉट’ अशी लोकांनी सुचवलेली गमतीदार नावेही त्या गाड्यांना आहेत. सरकारी खाते मिठाच्या गाडीचा ठावठिकाणा सांगू शकते, तर सुपरमार्केटनेही आदल्या संध्याकाळी कोणत्या पोस्टकोडमध्ये उद्या व्हॅन जाणार नाही हे स्पष्ट सांगावे. दिवसभर वाट पाहायला लावून रात्री नऊला नकार कळवला, तर शेजाऱ्याला हाक मारण्याची वेळही निघून गेलेली असते.

सुपरमार्केटची व्यवस्था किती नाजूक असते, हे २०१८ च्या मार्चमध्ये आयर्लंडने पाहिले. सायबेरियाकडून आलेली थंडी आणि एमा वादळ यांची गाठ पडली आणि देशभर लाल इशारा लागू झाला. दुपारी चारच्या आत घरी पोहोचा, असे सांगण्यात येत होते, आणि ते सांगणाऱ्यांत पंतप्रधान लिओ वराडकरही होते, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. इशारा येताच पावाची फडताळे रिकामी झाली. डब्लिनच्या टाला उपनगरात लिडल या सुपरमार्केट साखळीचे एक दुकान लुटले गेले आणि खोदकामाच्या यंत्राने त्याची मोडतोड झाली. तो प्रकार गुंडगिरीचाच होता, पण रिकाम्या फडताळांची गोष्ट वेगळी. ज्यांना धावत जाऊन पाव घेता आला त्यांनी दोन-दोन घेतले. ज्यांना जाता आले नाही त्यांच्या वाट्याला तेवढा कमी आला.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आज असंख्य मराठी कुटुंबे आहेत. तिथे आयुष्य काढून आता सत्तरी-ऐंशीत पोहोचलेली डॉक्टरांची पिढीही त्यांत आहे. मुले दुसऱ्या शहरात, गाडी चालवणे बंद, आठवड्याचे सामान अ‍ॅपवरून, असे त्यांचे दिवस जातात. अशा घरांनी हिवाळ्याच्या तोंडावर आठ दिवसांचे पीठ, डाळ, तांदूळ आणि औषधे भरून ठेवावीत, जवळच्या शेजाऱ्याचा क्रमांक हाताशी ठेवावा. पण सगळा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून भागणार नाही. बर्फात कोणाला आधी सामान मिळेल, याचा लेखी क्रम प्रत्येक साखळीने ऑक्टोबरमध्येच जाहीर करावा, आणि त्या स्वतःहून करत नसतील तर सरकारने तो बंधनकारक करावा.