सण घरी की परगावी?

वल्हांडण हा यहुद्यांचा सण मिसर देशातील दास्यमुक्तीचे स्मरण करून देतो. सणापूर्वी घरातून आंबवलेल्या अन्नाचा कणही काढून टाकावा लागतो. हे श्रम टाळण्यासाठी काही कुटुंबे परगावी हॉटेलात सण साजरा करतात. हे योग्य आहे काय? प्राचीन काळी लोक या सणाला घर सोडून यरुशलेमेस जात. म्हणून प्रवास निषिद्ध मानता येत नाही. परंतु पहिल्या रात्री धाकट्याने प्रश्न विचारावेत आणि वडीलधाऱ्यांनी मुक्तीची कथा सांगावी, हा सणाचा गाभा आहे. ही कथा सांगणारे ‘हग्गादा’ हे पुस्तक १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापले गेले. आजी-आजोबांना प्रवास झेपत नसेल, तर घरीच राहावे. मात्र स्वच्छतेचे श्रम सर्वांनी वाटून घ्यावेत. मुक्तीच्या सणात गृहिणीनेच दास्य का पत्करावे?