तू जाऊन ये, मी बसते इथे!

आपल्या आयांचं एक ठरलेलं वाक्य असतं. सिंहगडाचा पायथा असो, एलिफंटाच्या पायऱ्या असोत नाहीतर मॉलमधला बंद पडलेला सरकता जिना. आई शांतपणे म्हणते, "तू जाऊन ये, मी बसते इथे." वर आपली सॅक, पाण्याची बाटली आणि जॅकेट सांभाळायचं कामही स्वतःकडे घेते. आपण एकदा "नक्की ना?" विचारतो आणि सुटतो!

माझ्या आईने हे वाक्य टाकलं ते थेट व्हेनिसमध्ये. सातव्या पुलावर.

झालं असं, की ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामाने मी मिलानला होते. काम संपल्यावर चार दिवसांची रजा टाकली आणि आईला मुंबईहून बोलावून घेतलं. आई म्हणजे गिरगावातल्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई, आता रिटायर्ड. तीस वर्षं पोरांना "पाण्यावर वसलेलं शहर" शिकवलं, पण स्वतः कधी पाहिलं नाही. त्यात गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं, जानेवारीत. डॉक्टर म्हणाले, "जाऊन या, पण पायऱ्या जपून." आता गंमत बघा, मी आईला घेऊन गेले कुठे? तर चारशेच्या वर पूल असलेल्या शहरात, आणि त्यातल्या बहुतेक पुलांना पायऱ्या!

पहिल्या दिवशी मी नेहमीचा शहाणपणा केला. "अगं, छोटं तर शहर आहे, चालतच बघायचं असतं!" सांता लुचिया स्टेशनला उतरलो आणि भिंतींवरच्या 'सान मार्को'च्या पिवळ्या पाट्या बघत निघालो. नकाशात हे अंतर चिमूटभर दिसतं. पण प्रत्येक दुसऱ्या वळणावर एक कालवा, आणि प्रत्येक कालव्यावर चढ-उताराचा पूल. आई कठड्याला धरून, एकेक पायरी दोन-दोन पावलांत चढत होती. सातव्या पुलावर ती टेकली आणि ते वाक्य आलं. मी "नक्की ना?" विचारलंही. पण तिचा चेहरा पाहिला आणि निमूट शेजारी बसले. त्या संध्याकाळी सान मार्को आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

रात्री हॉटेलवर आई झोपल्यावर (झोपल्यासारखं केल्यावर म्हणू!) मी नकाशा पसरला आणि एकच टार्गेट ठेवलं. उद्या दिवसभरात ते वाक्य येता कामा नये.

तर मंडळी, हा त्या दिवसाचा प्लॅन. तुमचे गुडघे ठणठणीत असले तरी वाचा, कारण पुढच्या सुट्टीत तुम्हीही आईबाबांना कुठेतरी नेणार आहातच.

व्हेनिसमध्ये बस, रिक्षा, टॅक्सी हे सगळं पाण्यातच. इथली सार्वजनिक बोट म्हणजे वापोरेत्तो. आपल्या भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचची इटालियन मावसबहीणच, फक्त नंबर आणि टाइमटेबल असलेली. मुंबईकरांना ही सिस्टीम समजायला पाच मिनिटं पुरतात. 1 नंबर म्हणजे स्लो लोकल. ग्रँड कॅनॉलवर या काठावरून त्या काठावर करत जवळपास प्रत्येक स्टॉप घेते. 2 नंबर म्हणजे फास्ट. 4 आणि 5 नंबरच्या बोटी शहराला बाहेरून प्रदक्षिणा घालतात. 4.1 आणि 5.1 एका दिशेने, 4.2 आणि 5.2 उलट्या दिशेने. झालं!

आता पैशांचं बोलू. 2024 च्या दरांप्रमाणे 75 मिनिटांचं साधं तिकीट साडेनऊ युरो आणि 24 तासांचा पास 25 युरो. म्हणजे दिवसभरात तीनदा वेगवेगळ्या वेळी बोटीत बसलात तरी पास वसूल. त्यातली खरी मेख 'दिवसाचा' या शब्दात आहे. पास रात्री बारा वाजता संपत नाही. पहिल्यांदा मशीनला टेकवलात तिथून पुढे 24 तास. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आमचं हॉटेल मेस्त्रेला, म्हणजे खाडीच्या अलीकडे, जमिनीवर. इथे खोल्या तुलनेने स्वस्त मिळतात. मेस्त्रेहून व्हेनिसला ट्रेन दहा-बारा मिनिटांत नेते, पण मी मुद्दाम ट्राम निवडली. एक तर ती त्याच पासात बसते. दुसरं म्हणजे ती पियात्साले रोमाला सोडते, आणि 1 नंबरची बोट तिथूनच सुटते. पुढचा स्टॉप रेल्वे स्टेशनचा, जिथे बॅगांसकट सगळी दुनिया चढते. म्हणजे विरारहून बसून यायचं की बोरिवलीला लटकायचं, एवढाच प्रश्न! (आणि ही ट्राम रबरी टायरवर, मध्ये एकाच रुळाच्या आधाराने चालते. आईने उतरल्यावर वाकून खात्री करून घेतली.)

सव्वानऊला पास टेकवला, मशीन 'पीं' करून हिरवं झालं, आणि आई चक्क मागच्या बाजूला उघड्यावर खिडकीची सीट पकडून बसली. बोटीवरच्या पोराने दोर सोडला आणि पुढची पाऊणएक तास आम्ही काहीही न करता व्हेनिस पाहिलं. जवळपास चार किलोमीटरचा हा ग्रँड कॅनॉल उलट्या 'एस'सारखा वळत जातो आणि दोन्ही काठांना जुने महाल पायांपर्यंत पाण्यात उभे. त्यावर पूल फक्त चार. सगळ्यांत धाकटा 2008 चा, आणि थोरला रिआल्तो, 1591 मध्ये पूर्ण झालेला. त्याच्याखालून जाताना वर पाहिलं तर फोटोसाठी ढकलाढकली चाललेली. आई म्हणाली, "बरं झालं, आपण खालून आलो."

उतरायचं कुठे, हा दुसरा महत्त्वाचा प्रश्न. सान मार्कोच्या आसपास दोन मोठे स्टॉप आहेत. आम्ही उतरलो वाल्लारेस्सोला. तिथल्या गल्लीतून आत गेलं की एकही पूल न ओलांडता तुम्ही थेट चौकात पोचता. शून्य पायऱ्या! चौकातला उंच मनोरा म्हणजे कांपानिले, सुमारे 99 मीटर. जुना मनोरा 1902 मध्ये कोसळला, तो होता तसाच पुन्हा बांधून 1912 मध्ये उघडला. आणि आतमध्ये चक्क लिफ्ट आहे. बासिलिकाची वेळ आधीच ऑनलाइन घेतली होती, त्यामुळे रांगेत उभं राहण्याचा प्रश्न मिटला. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईचा पंजाबी ड्रेस फुल पास, माझी मात्र ओढणीसाठी आईच्या पर्समध्ये शोधाशोध!

दुपारचं जेवण हा प्लॅनचाच भाग होता, टाइमपास नव्हे. चौकात जमिनीवर किंवा पायऱ्यांवर बसून डबा खायला मनाई आहे, दंड होतो. साध्या बारमध्ये काउंटरला उभं राहून खाल्लंत तर स्वस्त पडतं, टेबलावर बसलात की त्याचे जादा पैसे लागू शकतात. एरवी मी काउंटरवालीच. पण त्या दिवशी टेबल घेतलं, दोन त्रामेत्सिनो म्हणजे तिकोनी सँडविचेस मागवली आणि तासभर पाय लांब करून बसलो. ट्रिपमधले सर्वांत सार्थकी लागलेले युरो!

मग दिवसातला एकमेव पूल. सान मार्कोहून दुसऱ्या स्टॉपला, म्हणजे सान झकारियाला जाताना डोजेच्या महालापाशी पोंते देल्ला पाल्या लागतो. टाळता येत होता, पण मी मुद्दाम ठेवला. कारण सुप्रसिद्ध 'उसाशांचा पूल' याच पुलावरून दिसतो. सगळेच तिथे थांबतात, त्यामुळे आई मध्ये दम खायला थांबली तर कोणाला कळलंही नाही. कैद्यांना महालातून तुरुंगात नेताना बाहेरचं जग शेवटचं दिसायचं म्हणून ते नाव पडलं, असं म्हणतात. आई म्हणाली, "माझे उसासे कालच संपले."

सान झकारियाहून 2 नंबर घेतली की पुढचाच स्टॉप सान जॉर्जो माज्जोरे. समोरच्या बेटावरचं पालादिओने आखलेलं पांढरं चर्च, प्रत्येक कॅलेंडरवर असतं तेच. बोटीतून उतरलात की दारातच. आणि याच्याही मनोऱ्याला लिफ्ट! गर्दी सान मार्कोपेक्षा कितीतरी कमी, आणि इथून सान मार्कोच समोर दिसतं.

वर गेल्यावर माझी आई गायब झाली आणि भूगोलाच्या बाई आल्या. "हे बघ, हे लगून. खारं पाणी, पण खुला समुद्र नव्हे. ती लांबट पट्टी म्हणजे लीदो, तिच्यापलीकडे एड्रियाटिक. आणि समुद्राचं पाणी आत यायला तीनच तोंडं." त्या तिन्ही तोंडांवर आता मोझेची धरणदारं आहेत, एकूण 78. एरवी तळाशी झोपलेली असतात, मोठी भरती आली की उठून उभी राहतात. नोव्हेंबर 2019 मध्ये पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. पुढच्याच वर्षी, 3 ऑक्टोबर 2020 ला, ही दारं पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या भरतीसमोर उभी राहिली. आई हात लांब करून दाखवत होती आणि शेजारचं एक जोडपं, मराठीचं एक अक्षर कळत नसताना, तिच्या बोटाच्या दिशेने बघत होतं. तीस वर्षं फळ्यावर काढलेला नकाशा तिच्यासमोर खराखुरा पसरला होता. मी काल तिला पुलावर ठेवून पुढे गेले असते तर... जाऊ दे.

परत मागे न जाता त्याच 2 नंबरने पुढे गेलो, ज्युदेक्का बेटाच्या कडेकडेने झात्तेरेला. लांबलचक सपाट धक्का, समोर रुंद पाणी, हातात जिलातो. पूर्वी याच पाण्यातून इमारतींपेक्षा उंच क्रूझ जहाजं जायची, ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना इथे बंदी आहे. सूर्य बुडेपर्यंत बसलो आणि पुन्हा बोटीने पियात्साले रोमा. बुरानोची रंगीत घरं राहिली, मुरानोची काच राहिली. राहू देत. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट सोडला की प्लॅन आपोआप चांगला होतो, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. आणि हो, ते वाक्य दिवसभर आलं नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आईनेच मला हलवलं. "अगं ऊठ, पास सव्वानऊपर्यंत आहे ना?" पुन्हा ट्राम, पुन्हा 1 नंबर, रिआल्तो मेर्कातोचा स्टॉप. हा बाजाराच्याच काठावर, त्यामुळे पूल नाहीच. (मासळीबाजार रविवार-सोमवार बंद.) बर्फावर मांडलेली मासळी बघून आमच्या गिरगावकरणीच्या अंगात वेगळंच बळ आलं. माझे मात्र आदल्या दिवशी सॅक वागवून खांदे गेले होते आणि नव्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. काठावर एक कट्टा दिसला.

"आई, तू जाऊन ये. मी बसते इथे."

तिने एकदा "नक्की ना?" विचारलं. आणि सुटली!

जाण्यापूर्वी हे वाचा

- स्टेशनं दोन आहेत. 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' जमिनीवरचं, 'व्हेनेत्सिया सांता लुचिया' प्रत्यक्ष व्हेनिसमधलं. हॉटेल कुठे आहे ते बघून उतरा.
- पास असला तरी प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी मशीनला टेकवा. तपासनीस येतात, दंड जबरी असतो.
- मोठ्या स्टॉपवर ए, बी, सी असे वेगवेगळे धक्के असतात. नंबर बरोबर पण दिशा उलटी, असं होऊ शकतं. पाटी वाचा.
- 'शोपेरो' म्हणजे संप. तो बहुधा आधी जाहीर होतो. निघायच्या आदल्या दिवशी तपासा.
- 2024 पासून वर्षातल्या ठराविक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी आहे. हॉटेलात राहणाऱ्यांना (मेस्त्रेसुद्धा) ती माफ, पण त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.
- गोंडोल्याचा अधिकृत दर 2023 च्या नोव्हेंबरपासून दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, माणशी नव्हे तर बोटीचा. हौस स्वस्तात भागवायची तर 'त्रागेत्तो' पकडा. दोनेक युरोत उभ्याने ग्रँड कॅनॉल पार! हे मात्र ठणठणीत गुडघ्यांसाठीच.
- पूल टाळून फिरण्याचे नकाशे तिथली महापालिकाच देते. मला हे दुसऱ्या रात्री कळलं, तुम्हाला आधीच कळलं!