वसईतल्या फादरांची मराठी शाळा

पानिपतजवळच्या काला अंब इथे विटांचा एक स्तंभ आणि भोवती लोखंडी कुंपण आहे. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं तिथं मुद्दाम जातात आणि १७६१ साली पडलेल्यांपुढे नतमस्तक होतात. त्या रणात गेलेले सदाशिवरावभाऊ हे चिमाजी अप्पांचे चिरंजीव. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा भाऊ जेमतेम आठ-नऊ वर्षांचे असतील. बापाचं नाव वसईशी जोडलं गेलं आणि मुलाचं पानिपताशी, मधे अवघी बावीस वर्षं. शालेय इतिहासाच्या पुस्तकात तर हे अंतर दोन-चार पानांचंच.

हीच पानं वसईतल्या कॅथलिक शाळांतही शिकवली जातात. तिथं हजेरीपटावर डिसोजा, परेरा, लोपीस अशी आडनावं असतात. या मुलांच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा पोर्तुगीज अमदानीतला, वाड्यांवरची कित्येक चर्च त्याच काळातली. वसई पडल्यावर इथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. पेशवाईचा हा धडा वसईच्या ख्रिस्ती मुलानं जिंकल्याचा म्हणून वाचायचा की हरल्याचा?

बाहेरच्याला हा प्रश्न अवघड वाटतो. वसईत तो तितका अवघड राहिला नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय तिथल्या मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळांना द्यायला हवं. ते मात्र फारसं कुणी देत नाही.

याचं कारण, कॅथलिक शाळा म्हटली की शहरी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती मुंबईची सेंट झेवियर्स किंवा पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स. पहिली १८६९ची, दुसरी १८६७ची. दोन्ही जेझुइट फादरांच्या. दगडी इमारत, कडक शिस्त, फाडफाड इंग्रजी, शिवाय झेवियर्सच्या नावावर सुनील गावसकर. हे कौतुक खोटं नाही. पण ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाभोवती जो मध्यमवर्गीय हव्यास जमला, त्यात गावाकडच्या फादरांच्या मराठी शाळा झाकल्या गेल्या.

वसई तालुक्यातलं नंदाखाल घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९४२ साली इथं जन्मले आणि इथल्याच संत जोसेफ मराठी हायस्कूलमध्ये शिकले. पुढं त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, हरित वसईच्या चळवळीत ते उतरले, ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवर काहींनी नाकं मुरडली होती. धर्मगुरू आणि मराठी साहित्याचा काय संबंध, असा एकूण सूर. ज्यांनी तो लावला त्यांना नंदाखालची शाळा ठाऊक नसावी.

या भागातल्या कुपारी ख्रिस्ती समाजाच्या घरांत कादोडी बोलली जाते, म्हणजेच सामवेदी. प्रमाण मराठीपासून ती इतकी लांब की पुण्याच्या पाहुण्याला ओटीवरच्या गप्पा निम्म्याच कळाव्यात. चर्चमधली मिस्साही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, लॅटिनमध्ये होती. दिब्रिटोंच्या लहानपणी म्हणूनच घरी कादोडी, वेदीवर लॅटिन अशी स्थिती होती. ज्ञानेश्वर-तुकाराम भेटायचे ते वर्गात, क्रमिक पुस्तकात. पुढे बिशप झालेले वसईचेच थॉमस डाबरे तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहितात, हे या पार्श्वभूमीवर मुळीच नवल वाटत नाही.

या शाळांचा अभ्यासक्रम वेगळा नाही. राज्य मंडळाचाच. प्रथम भाषा मराठी, जोडीला हिंदी आणि इंग्रजी, बीजगणित-भूमिती, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल, आणि शेवटी दहावीची बोर्डाची परीक्षा. अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमानं स्पष्ट केलं आहे. आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क ३०व्या कलमात आहे. ही दोन्ही कलमं एकाच छपराखाली नांदवण्याची सवय या शाळांना झालेली असते.

आता अडचण पटसंख्येची आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं संचमान्यतेनुसार, म्हणजे पटावरच्या मुलांच्या संख्येवरून, ठरतात. मुलं घटली की पद जातं आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ होतो. मग पालक म्हणतात, तिथं आता शिकवायला आहे कोण? पुढच्या वर्षी पट आणखी घसरतो. हे दुष्टचक्र राज्यभरच्या मराठी शाळांचं आहे, कॅथलिक शाळा त्याला अपवाद नाहीत. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलाला उद्या मुंबईत नाहीतर आखातात नोकरी करायची आहे आणि तिथं इंग्रजी लागणार, हे त्यांना कळतं.

चर्चनं मात्र या बाबतीत एका विसंगतीचा थोडा विचार करावा. रविवारची मिस्सा मराठीत, प्रवचन मराठीत, लग्नाची आणि मयताची गाणी मराठीत. मग सोमवारची शाळा तेवढी इंग्रजीत का? दहावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा उद्या धर्मगुरू झाला, तर त्याच वेदीवर कोणत्या मराठीत बोलणार? १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यामुळे हा निर्णय घ्यायला मुंबईकडे पाहण्याची गरज उरलेली नाही.

मार्ग अगदीच नवा नाही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सारं मराठीतून, अशी सेमी-इंग्रजीची सोय राज्यात कितीतरी शाळांनी स्वीकारली आहे. मराठी माध्यमातही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. फादरांच्या शाळांकडे यापलीकडे एक जमेची बाजू आहे: चांगलं इंग्रजी येणाऱ्या सिस्टर किंवा फादर आवारातच राहतात. त्यांच्यातला सर्वांत तयारीचा माणूस इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे न पाठवता मराठी विभागात पाचवीच्या वर्गावर उभा करायचा, एवढंच पाहिजे. पद अतिरिक्त ठरलं तर निदान पहिली दोन-तीन वर्षं पगाराचा भार पॅरिशनं उचलायचा. वसईच्या पॅरिशेस सभागृहं बांधतात, सणांच्या रोषणाईवर खर्च करतात. एका शिक्षकाचा पगार त्यांना जड जाऊ नये. येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी एखाद्या पॅरिशनं मिस्सेनंतर पालकांसमोर हा हिशेब मांडून पाहायला हरकत नाही.