क्षमता वाढली, पण कशाची?

एप्रिल २०२५मध्ये २६/११च्या कटातील आरोपी तहव्वुर राणा याला अमेरिकेतून दिल्लीत आणले, तेव्हा आमच्या मेसमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मी दिल्लीत समाजशास्त्रात पीएचडी करते. एका मित्राने विचारले, "हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न. यात जात कुठून आली?" सरळ प्रश्न आहे, त्याचे सरळ उत्तर द्यायला हवे.

२६/११च्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल धरून ठेवली आणि जीव दिला. त्यांच्या हातात होती फक्त लाठी. सीएसटी स्थानकात गोळ्या लागलेले बहुतेक साधे रेल्वे प्रवासी होते, तुमच्या-माझ्या घरांतल्यासारखे. म्हणून पोलिसांची क्षमता वाढू नये, असे मी कधीच म्हणणार नाही. २३ जुलै २०१० रोजी नवी दिल्लीत भारत आणि अमेरिका यांनी दहशतवादविरोधी सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. तपासाचे प्रशिक्षण, फॉरेन्सिक, मोठ्या शहरांच्या पोलिसांमधील देवाणघेवाण, सागरी सुरक्षा असे विषय त्यात होते. कागदावर यात वावगे काही नाही.

अशी मदत नीट वापरली तर काय होते, हे कसाबच्या खटल्यात दिसले. एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी तांत्रिक पुराव्यांबद्दल साक्ष दिली. कसाबला सरकारी खर्चाने वकील मिळाला. तो दोषी ठरला. पण त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. दोषी आणि निर्दोष यांना वेगळे करता येणे, ही खरी क्षमता.

पण याच काळात दुसरी एक क्षमता वाढली, ती म्हणजे माणसाला खटल्याविना आत ठेवण्याची. डिसेंबर २००८मध्ये, हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, यूएपीएमध्ये दुरुस्ती झाली. आरोपपत्राशिवाय १८० दिवस कोठडी शक्य झाली, जामीन जवळपास अशक्य झाला. इथे बाबासाहेब आठवतात. संविधान सभेत वैयक्तिक स्वातंत्र्याच्या कलमातून योग्य कायदेशीर प्रक्रियेची हमी वगळली गेली. ती उणीव काही अंशी भरून काढायला सप्टेंबर १९४९मध्ये त्यांनी अटकेविषयीचे नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२ : अटकेचे कारण सांगा, वकिलाचा सल्ला घेऊ द्या, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करा.

ही हमी पातळ झाली की आधी कोण भरडले जाते? २०२१मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार देशातील ४,७८,६०० कैद्यांपैकी ३,१५,४०९ म्हणजे सुमारे ६६ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले होते. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना २०११मध्ये अटक झाली. तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून २०१४मध्ये ते निर्दोष सुटले. २०१८मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा अटक. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तोवर साधी आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

त्याच प्रकरणात दिल्लीतून अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीने तपासली. बाहेरून घुसखोरी करून त्यात कागदपत्रे पेरली गेली, असा तिचा २०२१चा अहवाल. एनआयएला तो मान्य नाही. मग वाद मिटवायचा कसा? स्वतंत्र, विश्वासार्ह फॉरेन्सिक तपासणीनेच. २६/११मध्ये अमेरिकन तज्ज्ञांची मदत सरकारी पक्षाला चालली. आरोपीच्या बाजूने असे काही आले की ते वाऱ्यावर का सोडायचे?

अमेरिकेत १९९०च्या दशकापासून 'लेही कायदा' आहे. ज्या परदेशी तुकडीवर मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाचे विश्वसनीय आरोप आहेत, तिला मदत देता येत नाही. अमेरिका तो सोयीने वापरते, हे खरे. पण तत्त्व उचलण्यासारखे आहे. भारत आता घेणारा नाही, देणाराही आहे. गुरुग्रामजवळच्या मानेसरला एनएसजी मित्रदेशांच्या जवानांना प्रशिक्षण देते. घेताना आणि देताना, दोन्ही वेळी संसदेत विचारले पाहिजे : किती पैसा शस्त्रांवर, पाळतीवर गेला आणि किती प्रयोगशाळांवर, विधिसेवेवर, वेळेत चालणाऱ्या खटल्यांवर?

मित्राला माझे उत्तर हेच. करार दिल्लीत होतात, पण त्यांचा हिशेब आपल्या वस्तीत चुकता होतो. आपल्या घरात पहिल्यांदा कायद्याची भाषा वाचू शकणारे आपण आहोत. तो हिशेब मागायचा तर आपणच मागायला हवा.