ई-रीडर घेण्यापूर्वी पुस्तकांची यादी करावी

ई-पुस्तके वाचण्यासाठीच बनवलेल्या उपकरणांना बाजारात ई-रीडर म्हणतात, आणि त्यांतल्या सर्वाधिक खपाच्या उत्पादनावरून बोलण्यात सगळ्यांनाच सरसकट ‘किंडल’ म्हटले जाते. या उपकरणांची तुलना बहुधा पडद्याचा आकार, साठवणक्षमता आणि किंमत अशा तीन रकान्यांत मांडली जाते. प्रामुख्याने इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या ग्राहकाला हे रकाने पुरतही असतील; परंतु गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी राहून मुख्यतः मराठी वाचणाऱ्या माणसाचा निर्णय त्यांवरून होऊ शकत नाही, कारण त्याला जी पुस्तके वाचायची आहेत ती कोणत्या रूपात उपलब्ध आहेत आणि त्या रूपात ती पडद्यावर कशी उतरतात, यावर त्याच्या खरेदीचे यशापयश ठरते.

गेवराई हे बीडच्या उत्तरेला, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव आहे आणि तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पुण्यातल्या वाचकाला अप्पा बळवंत चौकात जाऊन चार दुकाने पालथी घालता येतात; उमापूर, तलवाडा किंवा मादळमोहीच्या वाचकाला तशाच पुस्तकासाठी बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, नाहीतर टपालाची वाट पाहावी लागते. मिनिटभरात घरी उतरणाऱ्या ई-पुस्तकाची गरज त्यामुळे महानगरापेक्षा येथे अधिक आहे. असे असूनही ही उपकरणे निवडण्याविषयीचा सल्ला मात्र येथल्या वाचकाला समोर ठेवून क्वचितच दिला जातो.

मुळात ई-रीडर मोबाइलहून वेगळा ठरतो तो त्याच्या पडद्यामुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधनातून १९९७ साली ई इंक ही कंपनी निघाली आणि तिच्या पडद्याचा पहिला ई-रीडर सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानमध्ये आणला. ॲमेझॉनचे किंडल त्यानंतर तीन वर्षांनी, २००७ च्या नोव्हेंबरात आले. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत द्रवात तरंगणारे पांढरे व काळे कण परस्परविरुद्ध विद्युतभार घेऊन असतात. विजेचा दाब बदलला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवून ठेवायला वीज लागत नाही, ती लागते फक्त पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलेले उपकरण आठवडेच्या आठवडे चालते, आणि विजेच्या वेळापत्रकावर दिवस आखावा लागणाऱ्या भागात हा गुण फार मोलाचा आहे. शिवाय हा पडदा कागदासारखा बाहेरचा प्रकाश परावर्तित करत असल्याने भर दुपारी शेतातल्या झाडाखाली, जेथे मोबाइलवरचे काहीच दिसत नाही, तेथे तो उलट अधिक स्पष्ट वाचता येतो. रात्रीसाठी पडद्याच्या कडेला बारीक दिवे बसवलेले असतात व त्यांचा प्रकाश अक्षरांवरून पसरतो. हा प्रकाश पिवळसर करण्याची सोय असलेले उपकरण थोडे महाग पडते, पण रात्री वाचणाऱ्याने ते पैसे वाचवू नयेत.

या गुणांसोबत एक मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. उत्पादक अशा उपकरणांसाठी वापराची कमाल तापमानमर्यादा साधारणतः ३५ अंश सेल्सिअस सांगतात आणि मराठवाड्यातला मे महिना चाळिशी सहज ओलांडतो. सावलीत वाचण्याने बिघाड होईलच असे नाही, परंतु मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत उपकरण ठेवणे टाळलेच पाहिजे. पडदा बहुधा काचेच्या पातळ थरावर बसवलेला असल्याने तो दाबानेही फुटतो आणि त्याचा सुटा भाग गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळण्याची आशा धरता येत नाही. त्यामुळे चांगले कव्हर हा उपकरणाच्या किमतीचाच भाग समजावा, आणि परदेशातून मागवलेल्या, भारतात सेवाकेंद्र नसलेल्या उपकरणाची कमी किंमत ही खरी किंमत मानू नये.

यानंतरचा आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न देवनागरीचा आहे. देवनागरीत अक्षरे एकापुढे एक नुसती मांडून भागत नाही: ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी लिहिताना आधी येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरे एकमेकांत किंवा एकाखाली एक बसतात, आणि ही जुळणी उपकरणातल्या आज्ञावलीला करावी लागते. सुरुवातीच्या अनेक उपकरणांना ती येत नव्हती; वेलांटी भलत्या जागी पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होत. किंडलने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम या पाच भाषांतली पुस्तके अधिकृतपणे विकायला काढली, तेव्हापासून त्या उपकरणांवर ही अडचण बरीचशी दूर झाली. परंतु अन्य कंपन्यांच्या बाबतीत आजही परीक्षा घेतल्याशिवाय खात्री धरू नये. परीक्षा अगदी सोपी आहे. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’, ‘शार्ङ्ग’ असे शब्द असलेली युनिकोडमधली एक लहानशी फाइल उपकरणावर चढवावी आणि ती सर्वांत लहान अक्षरांत वाचून पाहावी. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र हे मराठीचे खास लक्षण आहे, त्याच्या जागी रफार दिसला किंवा र खाली हलन्त लटकला, तर त्या उपकरणाने मराठीचा विचार केलेला नाही एवढे निश्चित समजावे. ल आणि श यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरवली आहेत. ती हवी असणाऱ्या वाचकाने, आपल्या पसंतीचा फॉन्ट बाहेरून चढवण्याची सोय उपकरणात आहे की नाही, हेही पाहावे. पडद्याच्या सूक्ष्मतेचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके मावतात याचा, संबंधही येथेच येतो. रोमन अक्षरे १६७ ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर निभावून जात, पण ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक, किंवा रफारावर चढलेला अनुस्वार, त्यावर पुसट होत असे. मराठीसाठी ३०० ठिपक्यांहून कमी सूक्ष्मतेचे उपकरण, अगदी जुने म्हणून स्वस्तात मिळत असले तरी, घेऊ नये.

लिपी नीट उमटली तरी पुस्तकाच्या रूपाचा प्रश्न उरतो, आणि बहुतेकांची फसगत येथे होते. ई-पुस्तकाची मुख्य रूपे दोन. ई-पब आणि त्याच्या जातीच्या फायलींत मजकूर वाहता असतो, म्हणजे अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये मात्र छापील पानाची रचना जशीच्या तशी गोठलेली असते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर जी पासोडी लिहिली, तिच्यात मजकूर आणि कापड जसे वेगळे करता येत नाहीत, तसेच पीडीएफमध्ये मजकूर आणि पान. मराठीतला फुकट उपलब्ध असलेला फार मोठा साठा याच रूपात आहे: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने खुली केलेली पुस्तके, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके, जुन्या ग्रंथांची छायांकने. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी पुस्तके अशा फॉन्टांमध्ये जुळवली जात की त्यांतला मजकूर फॉन्टपासून वेगळा काढला तर निरर्थक चिन्हे हाती येतात. त्या पुस्तकांना पीडीएफखेरीज दुसरे रूप देणे सहज शक्य नसते.

आता मापे पाहावीत. सहा इंची पडद्याची उंची सुमारे १२ सेंटिमीटर असते. मराठी कादंबरीचे डेमी आकाराचे पान सुमारे २१.५ सेंटिमीटर उंच असल्याने ते या पडद्यावर जवळपास ५६ टक्के होऊन बसते आणि १२ पॉइंटचे अक्षर ७ पॉइंटांच्या आत येते; समास कापून टाकले तर ते कसेबसे वाचता येते. ए-फोर आकाराचे पान मात्र ४१ टक्क्यांवर येऊन त्याच अक्षराचे ५ पॉइंट होतात, आणि ते वाचणे हे वाचन राहत नाही. १०.३ इंची पडद्यावर डेमी पान जवळजवळ मूळ आकारात मावते आणि ए-फोर पान ७० टक्क्यांवर बसते, म्हणजे अक्षर ८ पॉइंटांच्या वर राहते. म्हणून ज्याचे वाचन मुख्यतः पीडीएफचे आहे त्याने दहा इंची उपकरण घ्यावे किंवा ई-रीडर घेऊच नये. सहा-सात इंची उपकरणावर पीडीएफ ‘चालते’ हे विक्रेत्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे असले तरी वाचकाच्या उपयोगाचे नाही.

गेवराईतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण त्यांची टिपणे, नकाशे, तक्ते आणि जुन्या प्रश्नपत्रिका यांचा आकार बहुधा ए-फोर असतो. रंगीत ई-इंकचा पर्यायही त्यांच्यासाठी फारसा उपयोगाचा नाही. प्रचलित रंगीत पडद्यात काळ्या अक्षरांसाठी इंचाला ३०० ठिपके असले तरी रंगांसाठी १५०च असतात आणि रंग फिके दिसतात. पुढेमागे सतत पाने उलटणे, खुणा करणे, दोन पाने शेजारी ठेवणे ही परीक्षार्थीची कामे छापील प्रतीवर आजही अधिक चांगली होतात. घरच्यांनी काटकसर करून दिलेले पैसे या वर्गाने लहान ई-रीडरवर घालवू नयेत.

पुस्तक कोणाकडून घ्यायचे यावरही उपकरण ठरते. किंडलवर ॲमेझॉनच्या दुकानातली मराठी पुस्तके थेट उतरतात, आणि स्वतःजवळची ई-पब फाइल कंपनीच्या सेवेमार्फत पाठवली की ती रूपांतरित होऊन येते. कोबो व पॉकेटबुक यांची उपकरणे ई-पब थेट उघडतात. बुकगंगाची ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असल्याने ती किंडलवर चढत नाहीत. ज्याचा संग्रह तेथला आहे त्याने ऑनिक्स बूक्ससारखे, अँड्रॉइडवर चालणारे आणि ॲप बसवू देणारे ई-इंक उपकरण पाहावे, मात्र ते महाग पडते आणि त्याची बॅटरी साध्या ई-रीडरइतकी टिकत नाही. विकत घेतलेले ई-पुस्तक ही मालमत्ता नसून वाचण्याचा परवाना असतो, हेही ग्राहकाला स्पष्ट ठाऊक असावे. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑरवेलच्या ‘१९८४’च्या हक्कांविना विकल्या गेलेल्या प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या, पुढे फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस, विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने चढवण्याची सोयही तिने बंद केली. याच्या उलट, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होते; त्यामुळे हरिभाऊ आपटे, श्री. व्यं. केतकर, साने गुरुजी यांचे लेखन आज कोणालाही मोकळे आहे. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी युनिकोडमध्ये टंकलेली पुस्तके तर थेट ई-पब रूपात उतरवून घेता येतात. ती सहा इंची पडद्यावर उत्तम वाचता येतात आणि कोणतीही कंपनी ती परत घेऊ शकत नाही.

येथेच तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा विचार व्हायला हवा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये खेड्यापाड्यांत आहेत. त्यांनी मुक्त साहित्य भरलेले दोन-तीन ई-रीडर सभासदांना आठवड्यासाठी घरी न्यायला दिले, तर खरेदीपूर्वी उपकरण हाताळण्याची जी सोय गेवराईत कोठेच नाही ती होईल, आणि ज्यांना खरेदी परवडत नाही त्यांनाही वाचता येईल. प्रकाशकांचे कामही याच्या जोडीने व्हायला हवे: नवे पुस्तक युनिकोडमध्येच जुळवून ते ई-पब रूपात विक्रीला ठेवावे, पीडीएफ काढून त्यालाच ई-पुस्तक म्हणू नये. तोवर वाचकाने पुढच्या वर्षभरात वाचायची दहा पुस्तके कागदावर लिहून प्रत्येकापुढे ते कोठे आणि कोणत्या रूपात मिळते हे नोंदवावे. दहापैकी सात वाहत्या मजकुराची निघाली तर सहा-सात इंची, ३०० ठिपक्यांचे, भारतात सेवा मिळणारे साधे उपकरण घ्यावे. सात पीडीएफ निघाली तर दहा इंचीसाठी पैसे साठवावेत. आणि सात केवळ छापील मिळत असतील, तर त्या पैशांतून ती पुस्तकेच विकत घ्यावीत.