पशुखाद्यातील दुर्मिळ मृदा धातूंबाबत नियम करण्याविषयी निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे.

विषय : लँथॅनम, सेरियम आदी दुर्मिळ मृदा धातूंचे क्षार पशुखाद्यात येण्यापूर्वी चाचणी, मर्यादा व लेबलचे नियम ठरवण्याबाबत.

महोदय,

आम्ही तालुक्यातील दूध उत्पादक व कुक्कुटपालक पुढील बाब आपल्या निदर्शनास आणू इच्छितो.

दुर्मिळ मृदा धातूंचे क्षार खाद्यात अल्प प्रमाणात मिसळल्यास जनावरांची वाढ सुधारते, असे मानून चीनमध्ये त्यांचा वापर अनेक दशके होत आला आहे. पुढे म्युनिकच्या विद्यापीठात प्रा. रॅम्बेक यांच्या गटाने डुकरांच्या पिलांवर प्रयोग केले. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके खाऊ घालणे बंद झाले आणि पर्यायांचा शोध वाढला. मात्र या क्षारांच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी फरकच पडला नाही.

हा प्रश्न आताच मांडण्यास कारण आहे. २०२५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी दिली. चुंबकांसाठी निओडिमियम हवे आहे. पण मोनाझाइट या दुर्मिळ मृदा धातूंच्या खनिजातून ते काढताना सेरियम आणि लँथॅनम त्याहून कितीतरी जास्त निघतात आणि त्यांना तेवढा उठाव नसतो. स्वस्तात उरलेल्या मालाला गिऱ्हाईक शोधले जातेच. ते गिऱ्हाईक आमची गव्हाण ठरण्याआधी नियम हवेत.

आमची मुख्य चिंता फॉस्फरसची आहे. लँथॅनम आतड्यात फॉस्फेटला बांधून ठेवते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना लँथॅनम कार्बोनेट याच गुणासाठी देतात. इकडे फॉस्फरस कमी पडला की गाई माजावर येत नाहीत, उलटतात, आणि व्यालेल्या म्हशीला लाल लघवीचा आजार होतो. तो भरून काढायला आम्ही पदरमोड करून मिनरल मिक्स्चर घालतो. खाद्यातील मात्रेत लँथॅनम हा फॉस्फरस किती अडवते, हे आपल्या संकरित गाई-म्हशींवर मोजल्याशिवाय तो खर्च वाया जाणार नाही असे कोण सांगणार? शिवाय हे धातू शरीरात फारच थोडे शोषले जातात. बहुतेक भाग शेणातून बाहेर पडतो आणि शेणखताबरोबर वर्षानुवर्षे शेतात साठू शकतो.

म्हणून आमच्या मागण्या :

१. या धातूंचे क्षार मिसळलेल्या गोळी पेंड, मिनरल मिक्स्चर व कोंबडी खाद्याच्या पोत्यावर धातूचे नाव आणि प्रतिकिलो प्रमाण मराठीत छापणे बंधनकारक करावे. ‘सूक्ष्म खनिजे’ एवढाच मोघम उल्लेख चालवू नये.

२. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत गाई, म्हशी, ब्रॉयलर व अंड्यावरच्या कोंबड्यांवर स्वतंत्र चाचण्या घ्याव्यात. वजन व दुधासोबत दूध, अंडी, यकृत, हाडे आणि शेणातील अंशही मोजावेत. खर्च उत्पादक कंपन्यांकडून घ्यावा, पण प्रयोगाची आखणी व निष्कर्ष विद्यापीठाच्या हाती राहावेत.

३. चाचण्या पूर्ण होईपर्यंत अशा खाद्याच्या विक्रीस परवानगी देऊ नये, अशी शिफारस केंद्राकडे करावी. युरोपीय संघात १८३१/२००३ या नियमानुसार कोणत्या जनावराला किती मात्रा, हे ठरल्यावरच खाद्यपूरकाला मंजुरी मिळते.

४. रॉक फॉस्फेटमध्ये हे धातू निसर्गतःच असतात. म्हणून त्यापासून बनणाऱ्या बाजारातील डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) व मिनरल मिक्स्चरचे नमुने आताच तपासून आकडे जाहीर करावेत, म्हणजे पुढे मुद्दाम केलेली भेसळ ओळखता येईल.

५. गोळी पेंड, मिनरल मिक्स्चर व कोंबडी खाद्याच्या अनुक्रमे आयएस २०५२, आयएस १६६४ व आयएस १३७४ या मानकांत कमाल मर्यादा घालण्याचा प्रस्ताव भारतीय मानक ब्युरोकडे पाठवावा.

६. न सांगता मिसळलेल्या घटकामुळे दूध वा अंडी नाकारली गेली, तर भरपाई खाद्य उत्पादकाने द्यावी. पशुपालकावर कारवाई होऊ नये.

आमचा विरोध विज्ञानाला नाही. आमच्या उत्पादन खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा खाद्यावर जातो, त्यामुळे कमी खाद्यात जास्त वाढ देणारे कोणतेही सिद्ध साधन आम्हांला हवेच आहे. ते सिद्ध झाले तर मात्रा, काळजी आणि किमतीसह आमच्यापर्यंत पोहोचवावे. पण आमच्या दुधावर लहान मुले वाढतात; त्यांच्या पेल्यात काय जाते, याचे उत्तर आम्हांला देता आले पाहिजे.

वरील मागण्यांवर निर्णय घेऊन केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
तालुक्यातील दूध उत्पादक व कुक्कुटपालक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
१. मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
२. मा. कुलगुरू, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर